लैंगिक आरोग्य क्लिनिकचा अनुभव: एचआयव्ही आणि बाकीचे गुप्तरोग एकत्र तपासतात, म्हणून पाचपैकी साडेचार

साडेचार स्टार देतोय. अर्धा का कापला ते पुढे सांगतोच, पण आधी हे की मी जायच्या अगोदर असल्या क्लिनिकचे रिव्ह्यू खूप शोधले आणि सगळीकडे दोनच ओळी, "स्टाफ चांगला आहे" आणि "रिपोर्ट लवकर मिळतो". मला जे हवं होतं ते कोणीच लिहिलं नव्हतं, म्हणजे आत गेल्यावर नक्की काय करतात, काय काय विचारतात, कपडे काढायला लावतात का, आणि एचआयव्हीची टेस्ट आणि बाकीच्या गुप्तरोगांच्या टेस्ट एकाच वेळी होतात का. लोक का लिहीत नाहीत ते समजतं मला, अवघड जागेचं दुखणं चारचौघांत कोण सांगणार. म्हणून मीच लिहितो. क्लिनिकचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण मला सेवेबद्दल बोलायचंय, तुमच्या जवळ जे असेल त्याला हेच सगळं लावून बघता यावं.

आधी मागचं सांगतो नाहीतर पुढचं कळणार नाही. मला लिंगावर एक फोड आला होता. शर्टाच्या छोट्या बटणाएवढा, कडा टणक, मधे ओलसर लाल, आणि अजिबात दुखत नव्हता, दाबून बघितलं तरी नाही. जांघेत अवधाण आलं होतं पण तेही न दुखणारं. आता माणसाचा स्वभाव असा की दुखलं तर धावतो, नाही दुखलं तर म्हणतो जाईल आपोआप. मी आठ दिवस काढले, मग एका दवाखान्यात गेलो (नाव नको). तिथे डॉक्टरांनी तीन मिनिटांत विषय संपवला, फोड नीट बघितलाही नाही, "फंगल आहे, घाम येतो तिथे" म्हणाले आणि क्रीम लिहून दिलं. कोणाशी संबंध आला का, कंडोम वापरला का, एकही प्रश्न नाही. आणि मी सुटलो म्हणून खूश, कारण मलाही ते प्रश्न नकोच होते.

मनात धाकधूक होती म्हणून घरी करायचं एचआयव्हीचं किट मागवलं, ते हिरड्यांवरून काडी फिरवून वीस मिनिटांनी रेघ बघायची असते ते. एकच रेघ आली, निगेटिव्ह. मी इतका निर्धास्त झालो की विचारू नका. किटबद्दल माझी तक्रार नाही, जे काम त्याचं आहे ते ते करतं, घरच्या घरी, कोणाला न सांगता, आणि ज्याला क्लिनिकची पायरी चढायची भीती वाटते त्याच्यासाठी फार चांगली सोय आहे. पण तोंडातल्या द्रवावरची ही टेस्ट अँटीबॉडी शोधते, म्हणजे संसर्गाशी लढायला शरीर जे पदार्थ बनवतं ते, आणि संसर्ग झाल्यापासून त्या सापडण्याइतक्या व्हायला तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. मी तीन आठवड्यांत केली होती. आणि ती फक्त एचआयव्ही बघते. माझ्या फोडाशी तिला काही देणंघेणं नव्हतं. पाकिटातल्या कागदावर हे सगळं लिहिलेलं होतं, मी वाचलं नाही.

फोड पाच आठवड्यांत आपोआप गेला. मला वाटलं क्रीमने गेला. नंतर महिन्याभराने तळहातावर लालसर तपकिरी डाग उठले, तळपायावर पण, खाज नाही काही नाही, घसा खवखवत होता आणि अंगात कसकस. तळहातावरचे डाग बघून एका मित्राने स्पष्ट सांगितलं, स्किनच्या क्रीमने भागणार नाही, तू लैंगिक आरोग्य क्लिनिकला जा. त्याचे उपकार आहेत माझ्यावर.

आता क्लिनिक. रिसेप्शनचा अनुभव वाईट, हे आधीच सांगून टाकतो. खुर्च्यांवर सात आठ माणसं बसलेली आणि काउंटरवरून पूर्ण नाव मोठ्याने पुकारलं. असल्या ठिकाणी नाव पुकारणं म्हणजे माणूस परत यायचा नाही. नंबर द्या, टोकन द्या, काहीही करा. माझ्या शेजारी एक विशीतला मुलगा बसला होता, माझं नाव पुकारल्यावर त्याचा चेहरा उतरला आणि थोड्या वेळाने बघतो तर खुर्ची रिकामी. तो परत आला की नाही मला माहीत नाही. अर्धा स्टार तिथेच गेला.

त्या काउंटरच्या पलीकडे मात्र सगळं वेगळं होतं.

आधी समुपदेशक ताईंशी बोलणं, बंद दारामागे, वीस पंचवीस मिनिटं. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की मी जे विचारणार ते सगळ्यांना विचारते, तुम्हाला बघून काही ठरवलेलं नाही. आणि मग सरळ प्रश्न. गेल्या काही महिन्यांत किती जणांशी संबंध आला, बायका की पुरुष की दोन्ही, योनी, गुदद्वार की तोंड, कंडोम कधी होता कधी नव्हता, शेवटचा विनाकंडोम संबंध कधी, आधी कधी असा आजार झाला होता का, सुया टोचून नशा करता का, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे का. मला घाम फुटला होता पहिल्या दोन प्रश्नांना. तिसऱ्यापासून सोपं झालं, कारण समोरच्या बाईंच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, जणू मी ताप किती दिवस आहे ते सांगतोय. हे प्रश्न उगाच नसतात हेही त्यांनी सांगितलं, कुठून नमुना घ्यायचा ते त्यावरून ठरतं. तोंडाने संबंध आला असेल तर घशात गोनोरिया (परमा म्हणतात तो) असू शकतो आणि घशातला गोनोरिया लघवीच्या टेस्टमध्ये दिसणार नाही. गुदद्वाराचंही तसंच. म्हणजे तुम्ही लाजून अर्धं सांगितलं तर तपासणीही अर्धीच होणार.

मग डॉक्टर मॅडम. प्रत्येक गोष्टीआधी विचारत होत्या, आता इथे बघू का, हात लावू का. तोंड, तळहात, तळपाय, जांघा, सगळं बघितलं, आणि तळहात बघतानाच म्हणाल्या, "याआधी कधी खाली न दुखणारा फोड येऊन गेला का?" मी गप्पच झालो. दोन महिन्यांपूर्वीच्या गोष्टीबद्दल हातावरून विचारत होत्या. सिफिलिस, म्हणजे आपल्याकडे जुनी माणसं गरमी म्हणायची तो. पहिल्या टप्प्यात न दुखणारा फोड, तो काहीही न करता तीन ते सहा आठवड्यांत बरा होतो, आणि माणसाला वाटतं संपलं. संपलेलं नसतं, जंतू रक्तात पसरलेले असतात आणि दुसऱ्या टप्प्यात तळहात तळपायावर असे डाग येतात. तेही जातात. आणि मग वर्षानुवर्षं गप्प राहून मेंदू, डोळे, कान, हृदय यांना धरू शकतो. ते क्रीम मी लावलं नसतं तरी फोड तेवढ्याच दिवसांत गेला असता.

नमुने घेतले ते असे. रक्ताच्या दोन नळ्या (सिफिलिस, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी), लघवी, आणि घशातून स्वॅब. लघवी पहिल्या धारेची लागते, मधली नाही, आणि त्याआधी निदान तासभर लघवीला गेलेलं नसावं, कारण क्लॅमिडिया आणि गोनोरियाचे जंतू मूत्रमार्गात असतात ते पहिल्या धारेबरोबर धुवून येतात. मी नेमका पोचल्या पोचल्या जाऊन आलो होतो त्यामुळे एक तास बसून राहावं लागलं.

तो एक तास वाया गेला नाही पण. ताईंनी परत आत बोलावलं आणि मला जे समजावलं त्यासाठीच खरं तर हा रिव्ह्यू लिहायला घेतला. मी त्यांना म्हणलं, "मॅडम, एचआयव्हीचं तर घरी झालंय, निगेटिव्ह आहे, मग परत कशाला?" त्यांनी फॉर्मची कोरी बाजू घेतली आणि पेनने एक आडवी रेघ काढली, ही तुमची कातडी. रेघेला एक खाच पाडली, हा फोड. मग खाचेखाली भरपूर टिंबं काढली. म्हणाल्या, जखम झाली की शरीर तिथे पांढऱ्या पेशी पाठवतं लढायला, त्यातच सीडी४ नावाच्या पेशी असतात. एचआयव्ही शरीरात शिरतो तो याच पेशींना धरून. म्हणजे एक तर कातडी फाटलेली आणि वर त्या व्हायरसला ज्या पेशी हव्यात त्याच तिथे गर्दी करून उभ्या. फोड दिसत होता तेव्हा तुम्ही विनाकंडोम संबंध ठेवला असेल आणि समोरच्याला उपचार न घेतलेला एचआयव्ही असेल, तर एरवीपेक्षा तो तुम्हाला लागण्याची शक्यता कितीतरी जास्त होती.

मी त्या टिंबांकडे बघत बसलो. कारण फोड असताना मी संबंध ठेवला होता. दुखत नव्हता ना.

त्यांनी पुढे हेही सांगितलं की फोडच हवा असं नाही. गोनोरिया, क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास यात बाहेर जखम दिसत नाही पण आतल्या नाजूक त्वचेला सूज असते आणि सूज आली की त्याच पेशी तिथे जमतात. बायकांमध्ये योनीतलं नेहमीचं जंतूंचं संतुलन बिघडतं, अंगावरून पातळ पांढरट वास येणारं जातं, त्यानेही एचआयव्हीचा धोका वाढतो, आणि तो तर धड गुप्तरोगात मोडतही नाही. हर्पीसचा प्रकार तर अजून वेगळा आहे. (इथे एक घोळ नेहमी होतो म्हणून सांगतो, नागीण म्हणजे हा हर्पीस नव्हे. नागीण कांजिण्यांच्या व्हायरसमुळे होते, जननेंद्रियांवरचा हर्पीस दुसऱ्या व्हायरसमुळे, तो संबंधातून लागतो.) जननेंद्रियांचा हर्पीस असलेल्या माणसाला एचआयव्ही लागण्याचा धोका साधारण तिप्पट असतो. आणि फोड बरे होऊन वरून कातडी नितळ दिसायला लागली तरी त्या जागी सीडी४ पेशी पुढे कित्येक आठवडे तळ ठोकून असतात, हे २००९ साली संशोधकांनी बरे झालेल्या जागेचे तुकडे तपासून दाखवलं. म्हणजे डोळ्यांना बरं दिसणं आणि खरं बरं होणं यात केवढं अंतर.

दुसऱ्या बाजूनेही तेच. ज्याला आधीच एचआयव्ही आहे, उपचार चालू नाहीत, आणि त्यात गोनोरियासारखा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, तर वीर्यातला एचआयव्ही वाढतो. १९९७ मध्ये मलावी देशातल्या पुरुषांवरचा अभ्यास आहे, मूत्रमार्गाला सूज असलेल्यांच्या वीर्यात व्हायरस साधारण आठपट होता आणि अँटिबायोटिक दिल्यावर दोनच आठवड्यांत तो बराच खाली आला. एचआयव्हीचं औषध न देता, नुसता परमा बरा करून. हे घरी आल्यावर मी स्वतः शोधून वाचलं, आणि रात्री दोनपर्यंत वाचतच होतो.

वाचताना जे सापडलं त्यात एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण लोक अर्धं ऐकून निष्कर्ष काढतात. १९९५ मध्ये एका अभ्यासाचा निकाल आला, टांझानियातल्या म्वान्झा भागातल्या गावांत गुप्तरोगांवरचे उपचार सुधारले तर नवीन एचआयव्ही सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. लगेच सगळ्यांना वाटलं सापडला उपाय. पण १९९९ मध्ये युगांडातल्या राकाईचा निकाल आला, तिथे लक्षणं असोत नसोत सगळ्यांना ठराविक महिन्यांनी औषधं दिली होती, आणि एचआयव्हीत फरक पडला नाही. २००८ मध्ये अजून एक निकाल आला, हर्पीस असलेल्या लोकांना रोज असायक्लोव्हिर हे हर्पीसचं औषध देऊन बघितलं होतं, फोड कमी आले पण एचआयव्ही लागण्याचं प्रमाण कमी झालं नाही. तेव्हा "मी गोळ्या घेतल्या आता एचआयव्हीची काळजी नाही" असं समजू नका. गुप्तरोग बरा करायचा तो स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी करायचाच, त्याने धोक्याचं एक कारण जातं, पण एचआयव्हीपासून बचावासाठी एचआयव्हीचेच उपाय लागतात. ताईंनी पण मला कुठेही खोटा दिलासा दिला नाही हे मला फार आवडलं.

रिपोर्ट. एचआयव्ही निगेटिव्ह, सिफिलिस पॉझिटिव्ह (आरपीआर नावाच्या रक्ताच्या टेस्टमध्ये १:६४, औषध लागू पडलं की हा आकडा खाली येतो), आणि लघवीत क्लॅमिडिया. हा तिसरा माझ्यासाठी पूर्ण धक्का होता. जळजळ नाही, पू नाही, काही म्हणता काही नाही. मॅडम म्हणाल्या क्लॅमिडिया बहुतेकांना कळतच नाही, तपासला तरच सापडतो. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा बघितला, २०२० या एका वर्षात क्लॅमिडिया, गोनोरिया, सिफिलिस आणि ट्रायकोमोनास या चारांचे मिळून ३७ कोटी ४० लाख नवे संसर्ग, आणि हे चारही औषधाने पूर्ण बरे होणारे. रोजचे दहा लाखांवर. इतक्या लोकांत आपण एकटेच घाण आहोत असं समजून मी दोन महिने झोपलो नव्हतो.

उपचार सोपा निघाला. सिफिलिससाठी बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, एकदाच, दोन्ही कुल्ल्यांत १२-१२ लाख. औषध घट्ट दुधासारखं असतं, सुई जाड, आणि सिस्टरने खूप सावकाश सोडलं तरी दुखतंच, दोन दिवस बसताना जाणवत होतं. सिस्टरने निघताना बजावून सांगितलं होतं की आज रात्री थंडी वाजून ताप येऊ शकतो, अंग दुखेल, डाग जास्त लाल दिसतील, ती अ‍ॅलर्जी नाही, एकदम खूप जंतू मरतात त्याची प्रतिक्रिया आहे, दिवसभरात जाते. आणि खरंच रात्री अकराला हुडहुडी भरली, दोन पांघरुणं घेतली तरी दात वाजत होते, सकाळी गायब. हे सांगितलं नसतं तर मी रात्री घाबरून इमर्जन्सीत गेलो असतो. असं आधी सांगून ठेवणारा स्टाफ मी फार कमी बघितलाय. क्लॅमिडियासाठी डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सात दिवस, भरपूर पाण्याबरोबर, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. कोर्स संपेपर्यंत, डाग पूर्ण जाईपर्यंत आणि जोडीदाराचा उपचार होईपर्यंत संबंध बंद.

आता एचआयव्ही निगेटिव्ह आला तरी ताईंनी मला सोडलं नाही. इथली रक्ताची टेस्ट चौथ्या पिढीची, अँटिजेन (व्हायरसचाच एक भाग) आणि अँटीबॉडी दोन्ही बघणारी, तिलाही संसर्गानंतर साधारण १८ ते ४५ दिवस लागतात. माझा शेवटचा विनाकंडोम संबंध तीन आठवड्यांपूर्वीचा. म्हणजे हा निगेटिव्ह अजून पक्का नव्हता, आणि सिफिलिस असल्यामुळे तर पक्का करून घेणं जास्तच गरजेचं. ४५ दिवसांनंतरची तारीख त्यांनी कार्डावर लिहून दिली. इथे अजून एक तक्रार, छापील रिपोर्टवर फक्त "नॉन रिअ‍ॅक्टिव्ह" एवढंच येतं, परत कधी करायची ते नाही. ताईंशी न बोलता नुसता रिपोर्ट घेऊन जाणारा माणूस माझ्यासारखाच निर्धास्त होणार. खाली एक ओळ छापायला काय जातं?

जोडीदाराला सांगणं. हा भाग मी सगळ्यात जास्त टाळत होतो. क्लिनिकवाल्यांनी दोन पर्याय दिले, मी स्वतः सांगायचं किंवा माझं नाव न सांगता ते कळवणार, आणि कोणाकडून कोणाला गेलं हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. तसं ठरवताही येत नाही बऱ्याचदा. आता जिच्याबरोबर आहे तिला मीच सांगायचं ठरवलं, आणि आधीच्या जोडीदाराला त्यांनी कळवलं. हिला सांगताना काय बोलायचं ते ताईंनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, लहान मुलाची कविता पाठ करून घेतात तसं. संध्याकाळी तिला सांगितलं, "माझ्या तपासणीत दोन आजार निघालेत, दोन्ही औषधाने बरे होतात, तुला पण झाले असतील, तुला काही त्रास नसला तरी तपासून घे, मी बरोबर येतो." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तो फोड तू मला दाखवला होतास. आपण दोघांनीही दुर्लक्ष केलं." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो.

तिचा अनुभव तिच्या परवानगीने लिहितोय. तिला काही त्रास नव्हता, तरी क्लॅमिडिया निघाला. सिफिलिस निघाला नाही, पण अगदी अलीकडे लागला असेल तर रक्तात इतक्या लवकर दिसत नाही म्हणून रिपोर्टची वाट न बघता तिलाही पेनिसिलिन दिलं. बायकांसाठी स्वॅब स्वतः घेता येतो हे तिला माहीतच नव्हतं, बाथरूममध्ये जाऊन दोन मिनिटांचं काम, कोणी आत तपासत नाही. क्लॅमिडिया तसाच राहिला तर गर्भनलिकेपर्यंत जाऊन पुढे मूल राहायला अडचण येऊ शकते, हे ऐकल्यावर ती रडली, आणि डॉक्टर मॅडम तिच्याशेजारी स्टूल ओढून बसल्या. बाहेर पाच पेशंट असताना. मला असल्या गोष्टी मशिनपेक्षा महत्त्वाच्या वाटतात.

पुढचं पटकन सांगतो. हिपॅटायटिस बीची लस आम्हा दोघांना सुचवली, त्या दिवशी शिल्लक नव्हती, परत यावं लागलं. कंडोम मोफत, आणि लेटेक्सच्या कंडोमबरोबर तेल किंवा व्हॅसलीन वापरायचं नाही, फाटतो, पाण्याचं लुब्रिकंट वापरायचं. फोन लाइन कायम बिझी. प्रेपबद्दल सविस्तर सांगितलं, ज्यांना एचआयव्ही नाही पण धोका आहे त्यांनी आधीपासून घ्यायचं औषध, नीट घेतलं तर संबंधातून लागण्याचा धोका जवळपास ९९ टक्के कमी, पण सिफिलिस क्लॅमिडियाला ते अडवत नाही म्हणून दर तीन महिन्यांनी सगळ्या तपासण्या कराव्याच लागतात. आणि वेटिंग रूममध्ये भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे की धोक्याचा संबंध आला असेल तर ७२ तासांच्या आत या, एचआयव्ही लागू नये म्हणून २८ दिवसांचं औषध असतं, जितकं लवकर तितकं चांगलं. हे मला माहीतच नव्हतं. अजून कितीतरी जणांना माहीत नसेल, म्हणून इथे परत लिहितो, ७२ तास.

एचआयव्ही असलेले लोकही याच रांगेत बसलेले असतात, आणि त्यांच्याबद्दल माझ्या डोक्यात जो कचरा होता तो इथे साफ झाला. ताईंनी सांगितलं की नियमित औषध घेऊन ज्यांच्या रक्तात व्हायरस मोजता येत नाही इतका कमी झालाय त्यांच्याकडून संबंधातून एचआयव्ही जात नाही. २०१९ मध्ये पार्टनर २ नावाच्या अभ्यासाचा निकाल आला, ७८२ पुरुष जोडपी, एकाला एचआयव्ही आणि औषध चालू, दुसऱ्याला नाही, विनाकंडोम सुमारे ७६ हजार वेळा संबंध, आणि जोडीदाराकडून लागलेला एकही एचआयव्ही नाही. त्यातल्या बऱ्याच जणांना मधल्या काळात दुसरे गुप्तरोग झालेले होते, तरीही. म्हणजे गुप्तरोगामुळे एचआयव्हीचा धोका वाढतो हे खरं, पण जिथे एचआयव्ही औषधाने दाबलेला आहे तिथे ते दारच बंद असतं. धोका त्या माणसाकडून जास्त, ज्याने कधी तपासलेलंच नाही.

४५ दिवसांनंतरची एचआयव्ही टेस्ट निगेटिव्ह आली, दोघांची. तीन महिन्यांनी क्लॅमिडिया परत तपासला, नाही. आरपीआर १:६४ वरून १:१६ वर आला, म्हणजे चारपट खाली, औषध लागू पडलं. सहा महिन्यांनी आणि वर्षाने परत बघणार आहेत. सिफिलिसची दुसरी जी टेस्ट असते ती बहुतेकांची आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते, ती बघून नंतर कुठे घाबरू नका, हे त्यांनी कार्डावर लिहूनच दिलंय.

जाणार असाल तर, तासभर आधीपासून लघवीला जाऊ नका, सध्या चालू असलेल्या गोळ्यांची नावं लिहून न्या, शेवटच्या संबंधाची तारीख आठवून ठेवा कारण सगळा हिशोब तिच्यावर चालतो, आणि फोड आत्ता असेल तर बरा व्हायची वाट न बघता असतानाच जा, त्यावरचं पाणी थेट तपासता येतं. माझ्या तिसऱ्या फेरीपासून काउंटरवर टोकन सुरू झालंय. आता नाव पुकारत नाहीत.